जोतिबा डोंगरावरील पायवाटा

जोतिबा डोंगरावरील पायवाटा म्हणजे महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यात, वाडी रत्नागिरी या गावाकडे चारी बाजूंनी चढणाऱ्या जुन्या वाटांचे जाळे होय. हे गाव 'जोतिबा' किंवा नुसते 'डोंगर' या नावानेच अधिक ओळखले जाते. केर्ली गावाजवळून फुटणारा घाटरस्ता वापरात असला, तरी दरवर्षी हजारो लोक आजही पायीच डोंगर चढतात. गिर्यारोहण हा छंद म्हणून रुजण्याच्या कितीतरी आधीपासून येथे लोक चालत आले आहेत. त्यामुळे येथील पायवाटांचा आणि भोवतीच्या निसर्गाचा प्रश्न यात्रेच्या वेळापत्रकाशी बांधलेला आहे.

स्थान आणि भूरचना

जोतिबाचा डोंगर कोल्हापूर शहराच्या वायव्येस, रस्त्याने सुमारे २० किलोमीटर अंतरावर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,१०० फूट आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे निघालेल्या पन्हाळा-जोतिबा या उपरांगेचा तो भाग असून या रांगेच्या दक्षिणेस पंचगंगेचे आणि उत्तरेस वारणेचे खोरे आहे. डोंगराचा गाभा काळ्या बेसाल्टचा आहे. या परिसरातील उंच सपाटीवर जांभा दगडाचे थर आढळतात. जांभ्यावर मातीचा थर पातळ असतो. पावसाळ्यात तो चटकन भिजतो व उन्हाळ्यात तितक्याच लवकर सुकतो. वाटांची झीज आणि वणवे या दोन्ही गोष्टींचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे.

खेटे

डोंगरावरील पायी चालण्याच्या परंपरेत सर्वांत महत्त्वाची परंपरा 'खेटे' ही होय. माघी पौर्णिमेच्या सुमारास खेट्यांना प्रारंभ होतो आणि लागोपाठ येणाऱ्या रविवारी, परंपरेने पाच रविवार, भाविक कोल्हापुरातून अनवाणी चालत डोंगरावर जातात. रत्नासुराचा वध करून जोतिबा हिमालयाकडे परत निघाला असता करवीरनिवासिनी अंबाबाई त्याची मनधरणी करण्यासाठी अनवाणी चालत गेली, अशी या प्रथेमागची आख्यायिका आहे. पहाटे, पुष्कळदा अंधारातच, पंचगंगेवर हातपाय धुऊन निघायचे आणि वडणगे, निगवे, कुशिरे या गावांवरून पायथा गाठायचा, असा हा मार्ग आहे. तेथून गायमुखाच्या बाजूची चढण लागते. ऊस आणि भाजीपाल्याच्या शेतांतून जाणारा पहिला टप्पा सपाट आहे. दमछाक होते ती शेवटच्या चढणीवर.

खेट्यांचा वाटेच्या दृष्टीने एक विशेष असा, की चालणारा अनवाणी असतो. अनवाणी पाय मळलेली, गुळगुळीत झालेली वाट सोडून सहसा बाजूला जात नाही, कारण बाजूला खडे आणि काटे असतात. बूट घालून येणारा मनुष्य मात्र वळण टाळून सरळ उतरतो. अशा आडवाटांमधून पावसाचे पाणी वेगाने वाहते, चर पडतात आणि काही वर्षांत त्यांची घळ होते. जुन्या वाटा नागमोडी असतात, त्या पाण्याचा वेग मोडावा म्हणूनही.

इतर यात्रा व वाटा

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र, कर्नाटक आणि अन्य राज्यांतून लाखो भाविक येतात. सासनकाठ्या, म्हणजे ध्वज लावलेले उंच वेळू, गावोगावहून वाजतगाजत आणल्या जातात. त्यांत सातारा जिल्ह्यातील पाडळीच्या सासनकाठीला पहिला मान आहे. श्रावण शुद्ध षष्ठीला चोपडाई देवीची यात्रा भरते. ही यात्रा ऐन पावसाळ्यात येत असल्याने वाटा निसरड्या असतात.

डोंगराच्या पायथ्याशी पोहाळे येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत. जोतिबाकडे जाणारे पदभ्रमंती करणारे गट वाट वाकडी करून ती पाहतात. पश्चिमेकडील पन्हाळगड आणि त्यापलीकडील मसाई पठार हे याच रांगेचे पुढचे भाग होत. जुलै १६६० मधील शिवाजी महाराजांच्या सुटकेची आठवण म्हणून पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळी पदभ्रमंती दरवर्षी निघते. तिच्यातील गर्दीचा ताण मसाई पठारावर पडतो.

निसर्ग

उतारांवर गवताळ माळ, करवंदीच्या जाळ्या आणि ओढ्यांच्या कडेने जांभूळ, हिरडा, ऐन यांसारखी झाडे असे संमिश्र रूप दिसते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात या रांगेतील पठारांवर सोनकी, तेरडा आणि सीतेची आसवे फुलतात. घाणेरी आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या झुडपांनी वाटांच्या कडेची मोकळी झालेली जमीन व्यापण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. पन्हाळा परिसरातील जंगलात गव्यांचा वावर आहे.

वणवे

या परिसरापुढील सर्वांत गंभीर प्रश्न वणव्यांचा आहे. डिसेंबरपासून कुसळी गवत वाळू लागते. खेट्यांचे रविवार आणि चैत्र यात्रा नेमकी त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत येतात. विझवल्याविना टाकलेली विडी, दगडांच्या चुलीतील निखारे किंवा फटाक्याची ठिणगी एवढे कारण पुरेसे होते. त्याच्या जोडीला, जुने गवत जाळले की नवे जोमाने येते, हा समज आहे. राख झालेल्या जागी कोवळे कोंब लवकर दिसतात हे खरे. मात्र त्याच आगीत झाडांची रोपे जळतात आणि सतत जळणाऱ्या उतारावर गवताशिवाय दुसरे काही उभे राहत नाही. टिटवी, चंडोल यांसारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी याच दिवसांत घरटी करतात. आच्छादन गेलेल्या उघड्या जमिनीवर वळवाचा पहिला जोरदार पाऊस पडला, की वरची माती वाहून जाते. ती पुन्हा तयार होण्यास फार मोठा काळ लागतो.

वणव्यावरील रूढ उपाय जाळरेषांचा आहे. उन्हाळ्यापूर्वी ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत कापून किंवा नियंत्रितपणे जाळून आगीची वाट तोडली जाते. रुंद आणि स्वच्छ राखलेली पायवाट काही प्रमाणात हेच काम करते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. परंतु आग लावणारा क्वचितच हाती लागतो, त्यामुळे कायद्यापेक्षा पायथ्याच्या गावांतील लोकांची तत्परता अधिक उपयोगी ठरते.

कचरा, गुलाल आणि पाणी

जोतिबाला गुलाल आणि खोबरे उधळण्याची प्रथा आहे. यात्रेत मंदिराची शिखरे, पायऱ्या आणि गल्ल्या गुलाबी होतात. खोबरे पक्षी-प्राणी खातात, किंवा ते कुजते. रासायनिक रंगाचा गुलाल मात्र पावसाबरोबर उताराच्या ओढ्यांत आणि तळ्यांत उतरतो. गुलालाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि पत्रावळ्यांच्या जागी आलेल्या प्लास्टिक-लेपित ताटल्या अधिक काळ टिकतात. राज्यात २०१८ पासून एकदा वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. चढणीच्या वाटेवर मात्र कचरापेटीपेक्षा दरी जवळ असते, आणि दरीत गेलेला कचरा वर आणण्यासाठी दोर लावून उतरावे लागते.

चैत्र यात्रेनंतर रविवारी 'पाकाळणी' होते. 'प्रक्षालन' या संस्कृत शब्दाशी नाते सांगणाऱ्या या विधीत मंदिर आणि देवाची उपकरणी धुऊन स्वच्छ केली जातात. स्वच्छतेला विधीचे स्थान देणारी ही प्रथा जुनी असली, तरी तिची मर्यादा मंदिर आवारापुरती आहे. गायमुखाच्या वाटेवरील कचरा तिच्या कक्षेत येत नाही. तो उचलण्याचे काम ग्रामपंचायत आणि स्वयंसेवक यांच्यावर येते.

संरक्षण व नियोजन

मंदिराचे व्यवस्थापन पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. वनजमिनीची जबाबदारी वन विभागाकडे आणि गावातील सुविधांची ग्रामपंचायतीकडे आहे. एकच पायवाट या तिन्ही हद्दींतून जाऊ शकते, त्यामुळे तिच्या दुरुस्तीचे उत्तरदायित्व विभागले जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव' हा प्रकार आला. त्याअंतर्गत कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळगड, विशाळगड आदी क्षेत्रे आणि पुढे मसाई पठार घोषित झाले. जुलै २०२५ मध्ये पन्हाळगडाचा समावेश असलेली 'मराठा लष्करी भूदृश्ये' युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जोतिबा मंदिर परिसराच्या २५९.५९ कोटी रुपयांच्या विकास आराखड्यास मान्यता दिली. या रांगेतील उतार किती नाजूक आहेत, हे जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दिसून आले होते. त्या वेळी पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि गडाचा वाहनसंपर्क तुटला. जोतिबावरही रस्ता रुंद करताना उतार तोडला जातो, तेव्हा खालची पायवाट राडारोड्याखाली जाण्याचा धोका असतो.