अण्णांची खाण

बंगळुरूहून निघून होसकोटे मागे पडलं, की रस्ता मोकळा होतो. तांबडी माती, काठ्यांच्या आधाराने चढवलेले टोमॅटो, तुतीची शेतं, मधूनच एकावर एक रचल्यासारखे प्रचंड धोंडे. कोलार गेलं, बंगारपेट गेलं आणि शंभरेक किलोमीटरवर सपाट माथ्याच्या राखाडी टेकड्या दिसू लागल्या. "केवढ्या छान!" लेक म्हणाली. मला आजोबा आठवले.

अण्णा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फिटर होते. साठच्या दशकात त्यांना कोलार गोल्ड फील्ड्सला धाडलं, तेव्हा आजीने चाळभर सांगितलं, "हे सोनं आणायला गेलेत."

अण्णा पिंजऱ्यातून चॅम्पियन रीफच्या खाणीत उतरायचे. कानात दडे बसायचे, सदरा घामाने अंगाला चिकटायचा. न्यूट्रिनो नावाचा कण शोधण्याचा संस्थेचा प्रयोग सव्वादोन किलोमीटर खाली. एवढा खडक डोक्यावर हवाच होता: आकाशातून येणारे बाकीचे कण त्यात अडकतात, न्यूट्रिनो तेवढा आरपार येतो. १९६५ मध्ये तिथे वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण सापडली. "सोन्याच्या खाणीत जाऊन न दिसणारं मोजून आले," हे आजी शेवटपर्यंत ऐकवायची.

पण अण्णांच्या गोष्टींत न्यूट्रिनो थोडा, माणसं जास्त. तमिळ मुलखातून आलेले, बहुतेक दलित मजूर. दाबाखालचा खडक एकाएकी फुटायचा, जमीन हादरायची आणि वस्तीतल्या बायका शाफ्टकडे धावायच्या. पलीकडे साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान. शिवनसमुद्र धबधब्याची वीज इथे १९०२ मध्येच आली. बंगळुरूचे रस्ते उजळले १९०५ मध्ये. "वीज यंत्रांसाठी आली होती, माणसांसाठी नव्हे," अण्णा म्हणायचे.

लेकीला मी गाडीतून उतरवलं. या टेकड्या नाहीत, सांगितलं; खडक दळून, सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर उरलेला चुरा आहे. वारा सुटला की तो घराघरांत शिरतो. सव्वाशे वर्षांत इथून सुमारे ८०० टन सोनं गेलं. ते गेलं, हे राहिलं.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. शाफ्टमध्ये आता पाणी आहे. खाणकामगारांची नातवंडं पहाटेच्या रेल्वेने बंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात.