डांगाणचे डोंगर आणि शिंगणापूरचे शिवार

श्रीक्षेत्र शनिशिंगणापूरची आख्यायिका पाण्यापासून सुरू होते. पानसनाल्याला महापूर आला, त्या पुरात श्रींची शिळा वाहत आली आणि बोरीच्या झाडाला अडकली. पुढे मामा-भाच्यांनी ती बैलगाडीतून गावात आणली, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. देव पाण्यावाटे आला खरा. पण पानसनाला पडला पावसाळी ओढा, आणि नेवासे तालुक्यात पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. जुन्या काळी येथील शेतकऱ्याची सारी भिस्त बाजरी-ज्वारीवर आणि आभाळावर असे. आज सोनई-शिंगणापूरच्या पट्ट्यात ऊस उभा दिसतो, तो मुळेच्या कालव्यामुळे. हे पाणी येते कोठून, याची माहिती गावकऱ्यांस व देणगीदारांस असावी, म्हणून हा अल्प परिचय.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकास अकोले तालुका आहे. त्याच्या डोंगराळ भागास डांगाण म्हणतात. शिंगणापूरपासून हा मुलूख सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर. पण निसर्ग अगदी उलटा. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, येथेच आहे. रतनगड व हरिश्चंद्रगडही येथेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा काळा पाषाण तयार झाला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले की हे थर एकाखाली एक मोजता येतात.

अरबी समुद्रावरून आलेले ढग या कड्यांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. घाटघर भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नेवाशाच्या आठ-दहा पट! डोंगर ओलांडून ढग पूर्वेकडे येईपर्यंत त्यांत फारसे काही उरत नाही. म्हणजे ज्या डोंगरांमुळे शिंगणापूरचे आभाळ कोरडे राहते, त्याच डोंगरांतून शिंगणापूरच्या शेताला पाणी मिळते.

रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते. तिच्या काठी रतनवाडीस अमृतेश्वराचे प्राचीन देवालय आहे. हरिश्चंद्रगडावर हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळून मंगळगंगा वाहते, ती पाचनईकडे उतरून मुळेस मिळते. गडावरील केदारेश्वराच्या लेण्यातील भव्य पिंड बारमाही थंडगार पाण्यात उभी आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. मुळेवर राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे सुमारे २६ टीएमसी क्षमतेचे धरण बांधले गेले. त्याच्या जलाशयास ज्ञानेश्वरसागर असे सार्थ नाव मिळाले. १९७० च्या दशकापासून त्याच्या उजव्या कालव्याने नेवासे तालुक्याचे रूप पालटले.

डांगाणच्या रानात हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर, ऐन ही झाडे. उतारावर करवंदीच्या जाळ्या आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी. झाडावर शेकरू, कपारीत बिबट्या. वैशाखाच्या अखेरीस काजव्यांनी झाडे लखलखतात. १९८६ साली शासनाने सुमारे ३६२ चौरस किलोमीटर क्षेत्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून जाहीर केले.

या रानात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. भात, नागली, वरई ही त्यांची पिके. हिरडा गोळा करणे हा जोडधंदा. येथील डांगी जनावरांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून मुसळधार पावसातही ती तग धरतात. इंग्रज सत्तेविरुद्ध बंड करून २ मे १८४८ रोजी ठाण्यात फासावर गेलेले राघोजी भांगरे याच मातीतले.

परंतु एक गोष्ट मनाला लागते. एवढा पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात डांगाणातील कित्येक वाड्यांतील बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. कातळ पाणी मुरू देत नाही. उतारावरून ते धावत खाली येते. ते अडविते केवळ झाड, त्याची मुळे आणि पालापाचोळ्याचा थर. जेथे रान तुटले तेथे झरे लवकर आटले आणि माती वाहून धरणाच्या तळाशी बसू लागली. धरणात गाळ साचला की कालव्याचे आवर्तन घटते, मग त्याची झळ शिंगणापूरच्या उसालाही लागते. वरच्या रानाचे दुःख असे खालच्या शिवारात उतरते.

नेवाशाच्या वरच्या अंगाला मुळा प्रवरेस मिळते आणि पुढे टोक्याजवळ प्रवरासंगमी दोघी मिळून गोदावरीत जातात. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते याच प्रवरेच्या काठी आहे. संगमाहून कावडी भरून देवाला स्नान घालण्याची या परिसरातील चाल जुनी आहे. त्या कावडीत रतनगडाचे आणि हरिश्चंद्रगडाचेही पाणी असते. तेव्हा देवळाच्या दगडाइतकेच रानातील झाडही जपावे, आणि जलाशय भरल्याची वार्ता आली की डांगाणातील रिकाम्या हंड्यांचीही आठवण ठेवावी. ते ऋण मोठे आहे.