टाकीतले बिनपगारी कामगार

सांडपाण्याच्या टाकीजवळून जाताना आपण नाक मुठीत धरतो. पण त्या पाण्यातून वर येणाऱ्या काही बुडबुड्यांना वासही नसतो. तो असतो शुद्ध नत्रवायू, आपल्या हवेत आहे तोच. तो तयार करणारे जिवाणू सापडले, त्याची ही हकिगत.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंत्झ यांनी वाळूने भरलेल्या नळीतून सांडपाणी झिरपवलं. सुमारे २० दिवस काहीच घडलं नाही. मग पाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, की ते थांबे! म्हणजे हे काम सजीवांचं होतं. पाचच वर्षांनी, १८८२ मध्ये, बोर्दो शहरात गेयाँ आणि द्युपती यांना उलटा प्रकार दिसला. सांडपाण्यात घातलेलं नायट्रेट जिवाणूंमुळे नाहीसं होत होतं. १८८६ पर्यंत त्यांनी हे जिवाणू वेगळेही काढले. प्राणवायू मिळेनासा झाला की ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नत्र वायुरूपाने उडून जातो.

शेतीतज्ज्ञांना हे रुचलं नाही. खतातला मोलाचा नत्र हवेत जायचा, म्हणजे नुकसानच की!

१९४५ साली अमेरिकेत आयोवातल्या कॉम्ली या डॉक्टरांनी दाखवलं, की विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे तान्ही मुलं निळी पडतात. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच कमी होते. पुढे जलाशयांत शेवाळ माजू लागलं, त्यातही नत्राचा हात होता. कालचा चोर आता हवाहवासा वाटू लागला.

पण त्याला कामाला लावणं सोपं नव्हतं. नायट्रेट बनवणाऱ्यांना भरपूर हवा लागते, ते मोडणाऱ्यांना हवा चालत नाही, शिवाय खायला सेंद्रिय पदार्थ हवेत. हवेच्या टाकीतून पाणी बाहेर येतं तोवर ते संपलेले असतात. मग विकतचं मिथेनॉल ओता! बिनहवेची टाकी आधी ठेवण्याची कल्पना लुडझॅक आणि एटिंजर यांनी १९६२ मध्ये मांडली होती. दक्षिण आफ्रिकेच्या जेम्स बार्नार्ड यांनी १९७० च्या दशकात तिला जोड दिली. हवेच्या टाकीतलं नायट्रेटयुक्त पाणी पंपाने पुन्हा पहिल्या टाकीत आणायचं. तिथे ताजं सांडपाणी, म्हणजे आयतं जेवण तयारच! या प्रयोगांत फॉस्फरसही निघून जातो, हे त्यांना अनपेक्षितपणे आढळलं. २०११ साली त्यांना ली क्वान यू जल पुरस्कार मिळाला.

एक पथ्य मात्र कायम आहे. परत आणलेल्या पाण्यात हवा जास्त राहिली, तर हे जिवाणू नायट्रेटकडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणून केंद्रावरच्या माणसाला हवेच्या यंत्रावर सतत नजर ठेवावी लागते.