अकराव्या वर्षीचा फाटा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गावची शाळा तेवढीच होती आणि हायस्कूल दोन कोसांवर. भावाला सायकल घेतली, मी घरी राहिले. वडील काही वाईट नव्हते. घरात सायकल एकच येणार होती. त्यामुळे मंडळाच्या वाचनवर्गात ‘कोणत्या देशात गरिबाचे मूल किती वर चढते’ हा विषय निघाला, तेव्हा मी कान देऊन ऐकले. त्यातली फिनलंडची हकीकत सांगते.

हा उत्तरेकडचा थंड मुलूख. आधी स्वीडनच्या, मग रशियाच्या अमलाखाली होता, १९१७ साली स्वतंत्र झाला. ऐन लढाईच्या दिवसांत, १९४३ साली, तेथे कायदा झाला आणि १९४८ पासून प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला दुपारचे जेवण फुकट मिळू लागले. पेज, नाही तर सूप. शाळेच्या स्वयंपाकघरासाठी मुलांनी भाजी लावायची, रानातली बोरासारखी फळे गोळा करायची. हे ऐकून मला फार बरे वाटले.

पण एका पंगतीला जेवणाऱ्या या मुलांची ताटातूट लवकरच होई. चार वर्षे एकत्र शिकली की अकराव्या वर्षाच्या सुमारास दोन वाटा फुटत. काही मुले प्रवेशपरीक्षा देऊन, फी भरून वरच्या शाळेत जात. कॉलेजची वाट तिथूनच. बाकीची आणखी थोडी वर्षे शिकून कामधंद्याला लागत. अकरा वर्षांच्या पोराला काय कळते? तिथे बोलतो तो बाप, आणि बापाचा खिसा!

पुष्कळ वाद झाल्यावर १९६८ साली कायदा झाला, की सर्वांनी सोळाव्या वर्षापर्यंत नऊ वर्षे एकाच शाळेत शिकावे. सगळ्या देशात तो एकदम लागू केला नाही. १९७२ साली उत्तर टोकाच्या लाप्लंडपासून आरंभ केला आणि राजधानी हेलसिंकीकडे नवी शाळा शेवटी, १९७७ साली पोचली. म्हणजे एकाच वर्षी जन्मलेली काही मुले जुन्या रीतीने शिकली, काही नव्या. त्यामुळे पुढे विद्वानांना दोघांची तुलना करता आली. बापाच्या कमाईवरून मुलाची कमाई ठरण्याचे प्रमाण नव्या शाळेमुळे सुमारे २३ टक्क्यांनी उतरले होते. शाळा तीच, पोरे तीच. फाटा फक्त पाच वर्षे पुढे ढकलला.

ओ.ई.सी.डी. या संघटनेने २०१८ साली असा अंदाज मांडला, की गरीब घराला मध्यम मिळकतीपर्यंत यायला डेन्मार्कमध्ये २ पिढ्या, फिनलंडमध्ये ३, आपल्याकडे ७ आणि कोलंबियात ११ पिढ्या लागतील. सात पिढ्या म्हणजे माझ्या पणतीच्याही पुढचा हिशेब झाला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. ते २३ टक्के बाप आणि मुलगे यांच्या कमाईवरून काढलेले आहेत. मुली त्यात धरलेल्या नाहीत. लाप्लंडात १९७२ साली ज्या अकरा वर्षांच्या मुली भावाशेजारी त्याच शाळेत बसल्या, त्यांची आता साठी उलटली असेल. त्यांच्यापैकी एखादीशी दुपारी चहा घेत बोलायला मला फार आवडेल.