पक्षी झालेली मधुमालती

कपिलधारहून, मन्मथस्वामींच्या समाधीच्या ठिकाणाहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज हिशेबाच्या वहीला सुट्टी. जुनी प्रेमकथा घ्यायची आणि ती आपल्या घरातली करून पुन्हा सांगायची, हे मुसलमान लेखकांनी कसं केलं, ते आज ऐकू या.

ही रीत आपल्या दख्खनला नवी नाही. शेजारच्या खाला घरात जी बोली बोलतात, ती दखनी. त्याच बोलीत विजापूरच्या आदिलशाही दरबारातला कवी नुसरती याने १६५७च्या सुमारास ‘गुलशन-ए-इश्क’ लिहिलं. गोष्ट आधीचीच होती. राजपुत्र मनोहर आणि राजकन्या मधुमालती यांची ही कथा मंझन या सूफी कवीने १५४५ साली अवधी भाषेत सांगितली होती. नुसरतीने ती दखनीत आणली, पण मनोहर-मधुमालती ही नावं बदलली नाहीत. मुसलमान कवीने हिंदू राजकन्येची गोष्ट सांगितली, आणि दरबाराने ती मनापासून ऐकली.

त्या गोष्टीत पऱ्या झोपलेल्या मनोहरला उचलून मधुमालतीच्या महालात नेतात. दोघांचा जीव जडतो. पुढे हे तिच्या आईला कळतं. लोक काय म्हणतील, या भीतीने आई मंत्र घालून पोटच्या पोरीचा पक्षी करून टाकते. शेवटी ती पुन्हा माणसात येते, लग्नही होतं. पण मधल्या काळात तिला रानोमाळ उडावं लागतं.

आता इंग्लंडला जाऊ. १८१३ साली जेन ऑस्टेन या बाईंची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी आली. पाच मुली, मुलगा नाही. वडिलांनंतर घरदार दूरच्या भावाकडे जाणार, म्हणून आईला लग्नांची घाई. तरी एलिझाबेथ पसंत नसलेल्या स्थळाला तोंडावर ‘नाही’ म्हणते.

ही घाई आपल्याला अनोळखी आहे का? म्हणूनच सोनिया कमाल यांनी २०१९ साली तीच गोष्ट पाकिस्तानातल्या पाच बहिणींची करून सांगितली. त्याआधी २०१८ साली उझमा जलालुद्दीन यांनी ‘आयेशा ॲट लास्ट’मध्ये ती कॅनडातल्या टोरांटोच्या मुस्लिम वस्तीत नेली. आयेशा शिक्षिका आहे, तिला कवितांचं वेड. खालिद दाढीवाला, साधा-धार्मिक, आई ठरवील तिच्याशी निकाह करायला तयार. दोघंही आधी एकमेकांबद्दल चुकीचं मत करून घेतात. धर्म न सोडता, घर न तोडता प्रेमाची गोष्ट सांगता येते, हे या पुस्तकाने दाखवलं.

मधुमालतीला पऱ्यांनी भेटवलं आणि आईने उडवलं. आयेशा स्वतः बोलते, हाच मोठा फरक. निकाहात मुलीची कबुली विचारायची रीत तर पहिल्यापासून आहे. पण सगळं ठरल्यावर, पाहुणे जमल्यावर विचारलं, तर ती पोर ‘नाही’ कशी म्हणणार?

आपल्या बीड जिल्ह्यात आजही मुलीचं नाव कुणाशी जोडलं गेलं की आधी शाळा सुटते, मग घाईने लग्न उरकतं. जात-धर्म कोणताही असो. आपणही भीतीपोटी लेकीचा पक्षीच करतो.

मैत्रिणींनो, या आठवड्यात घरातल्या थोरल्या खालांना, आजींना जुनी गोष्ट सांगायला लावा. लेकींना शेजारी बसवा. गोष्ट संपली की लेकीला विचारा, ‘तू असतीस तर काय केलं असतंस?’ आणि तिचं पूर्ण बोलून होऊ द्या.