करिंथकरांना मारलेले टोमणे : पौलाच्या पत्रांतला उपरोध

मागच्या व्याख्यानात आपण पहिल्या शतकातली पत्रं कशी लिहिली जात ते पाहिलं. एक जण सांगायचा, लेखनिक उतरवून घ्यायचा, आणि पत्र पोचल्यावर कुणीतरी ते मंडळीसमोर मोठ्यानं वाचायचं. हे आज पुन्हा ध्यानात घ्यायचं, कारण टोमणा अक्षरांत निम्माच असतो. उरलेला निम्मा आवाजात.

आपण पाहणार आहोत ते पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र, अध्याय 10 ते 13. करिंथ रोमनांनी इ.स.पू. 146 मध्ये उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरनं तिथं नवी वसाहत बसवली. नवं शहर, नवा पैसा, आणि तो मिरवायची हौस. तिथल्या नाट्यगृहाजवळ इरास्टस नावाच्या माणसाचा लॅटिन लेख सापडलाय : पद मिळाल्याबद्दल ही फरसबंदी स्वखर्चानं केली. दगडात कोरलेली फुशारकीच ती!

अशा गावात पौलाच्या माघारी दुसरे प्रचारक आले, बोलण्यात फर्डे. कुजबुज सुरू झाली : हा पौल पत्रात वाघ, समोर आला की शेळी. शिवाय मानधन घेत नाही, म्हणजे शिकवणीत दम नसणार. त्यात यरुशलेमच्या गरिबांसाठी तो वर्गणी जमवत होता. स्वतःसाठी घेत नाही, मग वर्गणीच्या नावानं लुबाडतो की काय, हाही संशय.

यावर पौल त्या प्रचारकांना जणू 'महाप्रेषित' करून टाकतो. आपल्याकडे याला व्याजस्तुती म्हणतात : वरून स्तुती, आतून निंदा. आणि करिंथकरांवर आर्थिक भार टाकला नाही, या 'अन्याया'बद्दल तो त्यांची चक्क क्षमा मागतो!

मग मूर्खाचं सोंग घेऊन बढाई सुरू. पण यादी कसली? पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, तीन वेळा जहाज फुटलं. शेवटी दिमिष्कची हकीकत. शत्रूच्या तटावर सर्वांत आधी चढणाऱ्या सैनिकाला रोमन लोक तटाच्या आकाराचा मुकुट देत. पौल सांगतो ते मात्र तटावरून टोपलीत बसून खाली उतरल्याचं, पळून जाण्यासाठी! काही अभ्यासकांना यात त्या मुकुटाची थट्टा दिसते. आम्हालाही ते पटतं.

त्याचे सगळेच टोमणे असे मुरलेले नाहीत. सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांनी स्वतःला पुरतंच कापून घ्यावं, असं तो गलतीकरांना लिहितो. तिथं नुसता संताप आहे.

करिंथला मात्र मोठी जोखीम होती. वाचणाऱ्यानं सपाट सुरात वाचलं असतं, तर मूर्खपणाची ती खरीच कबुली ठरली असती. ऐकणारे दुखावले असते, तर मंडळीही गेली असती आणि वर्गणीही. पण नंतरच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल नोंदवतो, की अखया प्रांतानं, म्हणजे करिंथच्याच प्रांतानं, वर्गणी दिली. ते पत्र करिंथहूनच लिहिलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या शेवटी शहराचा खजिनदार सलाम सांगतो. त्याचंही नाव इरास्टस. फरसबंदीवाला तो हाच का, यावर वाद आहे.