घरी बांधलेल्या विमानाची बॅटरी : कधी तपासावी, कधी बदलावी

मोटारीची बॅटरी उतरली तर चार माणसे बोलावून धक्का मारता येतो. नाही तर शेजारच्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून वेळ निभावून नेता येते. फार तर कार्यालयात पोहोचायला उशीर होतो. विमानाच्या बाबतीत ही सोय फक्त जमिनीवर असते. हवेत गेल्यावर जेवढी वीज बॅटरीत शिल्लक असेल, तेवढ्यावरच वैमानिकाला धावपट्टी गाठावी लागते. म्हणूनच स्वतःच्या हाताने विमान बांधून ते उडविणाऱ्या हौशी मंडळींमध्ये सात-आठ किलो वजनाचा हा डबा गांभीर्याने घेतला जातो.

बॅटरी इंजिन चालू करते, म्हणजे ती चांगली आहे, असा सर्वसाधारण समज असतो. मोटारीपुरता तो बहुतेक वेळा खपून जातो. आधुनिक हौशी विमानात मात्र तो धोक्याचा ठरू शकतो.

मालकच कारागीर

स्वबांधणीच्या विमानांचे माहेरघर अमेरिका. विस्कॉन्सिन राज्यात १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी स्थापन केलेल्या एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनने या छंदाला संघटित रूप दिले. याच राज्यातील ऑशकॉश गावी दरवर्षी जुलैअखेर भरणाऱ्या मेळाव्याला जगभरातून विमानप्रेमी येतात. विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः पूर्ण केलेला असला, तर अमेरिकी हवाई प्रशासन त्याला प्रायोगिक गटात परवाना देते. भारतात ही वाट अधिक खडतर आहे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांचे सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. त्याची सरकारी नोंदणी होण्यास मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला.

कारखान्यात बनलेल्या प्रमाणित विमानात कोणती बॅटरी बसवायची, ती कधी तपासायची आणि कधी काढून टाकायची, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत बांधून दिलेले असते. अमेरिकेतील हौशी विमानाला ही चौकट लागू नाही. बांधणारा आपल्या पसंतीची बॅटरी निवडू शकतो, स्वतः बदलू शकतो आणि दुरुस्तीकाराचे प्रमाणपत्र मिळविल्यास दर १२ महिन्यांनी करावयाची स्थितितपासणीही स्वतःच करू शकतो. स्वातंत्र्य मोठे आहे. पण बॅटरी निकामी ठरविण्याची कसोटीही त्यालाच ठरवावी लागते.

मॅग्नेटोकडून संगणकाकडे

जुन्या पद्धतीच्या विमान इंजिनात ठिणगी निर्माण करण्याचे काम मॅग्नेटो नावाचे उपकरण करते. त्यातील चुंबक इंजिनाबरोबर फिरतो आणि स्वतःची वीज स्वतःच तयार करतो. अशी दोन स्वतंत्र मॅग्नेटो असल्याने बॅटरी पूर्ण मेली तरी इंजिन चालत राहते. उंची आणि वेग दाखविणारी यंत्रे हवेच्या दाबावर चालतात. अशा विमानात बॅटरीचे मुख्य काम इंजिन चालू करून देण्यापुरतेच असे.

गेल्या दोन-तीन दशकांत हे चित्र पालटले. अनेक हौशी विमानांत मॅग्नेटोच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले, कार्ब्युरेटरच्या जागी संगणकनियंत्रित इंधनपुरवठा आला आणि गोल तबकड्यांच्या जागी रंगीत पडदे आले. मोटारीचे इंजिन विमानासाठी बदलून घेणाऱ्यांची यंत्रणा तर बहुधा संपूर्ण विजेवरच अवलंबून असते. इंधन बचत, हलके वजन, भरपूर माहिती हे लाभ खरेच आहेत. मात्र अशा विमानात अल्टरनेटरचा पट्टा तुटला आणि बॅटरीही आटली, तर इंधनाची टाकी भरलेली असूनही इंजिन बंद पडते. बॅटरी ही आता केवळ ‘स्टार्टर’ची वीज राहिलेली नाही, ती आणीबाणीची टाकी झाली आहे.

शिसे की लिथियम?

हौशी विमानांत आज प्रामुख्याने दोन प्रकारच्या बॅटऱ्या दिसतात. पहिली शिसे-आम्लाची बंदिस्त बॅटरी. हिच्यात आम्ल मोकळे नसते. काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते. त्यामुळे पाणी घालण्याची कटकट नाही आणि आम्ल सांडण्याची भीतीही कमी. ओडिसी कंपनीची सुमारे १६ अँपिअर-तास क्षमतेची आणि सात किलो वजनाची बॅटरी या वर्गात दीर्घकाळ लोकप्रिय आहे.

दुसरी लिथियम लोह फॉस्फेटची. इंजिन चालू करण्याची ताकद जवळपास तेवढीच, वजन मात्र दोन किलोंच्या आसपास. वजनाचा ग्रॅम ग्रॅम हिशेब ठेवणाऱ्यांना हा मोह पडणे साहजिक आहे. परंतु स्टार्टर फिरविण्याची ताकद आणि साठवलेली वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलक्या लिथियम बॅटरीचे अँपिअर-तास शिशाच्या बॅटरीपेक्षा कमी असू शकतात. खरेदी करताना हा आकडा पाहणे अगत्याचे.

लिथियमचे नाव निघाले की आगीची भीती व्यक्त होते. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ विमानात बॅटरीला आग लागली. पुढच्याच आठवड्यात जपानमध्ये त्याच जातीच्या दुसऱ्या विमानाला बॅटरीतील बिघाडामुळे तातडीने उतरावे लागले आणि एअर इंडियासह जगभरातील ७८७ विमाने जमिनीवर खिळली. त्या बॅटऱ्यांत लिथियम कोबाल्ट ऑक्साइड होते. लोह फॉस्फेटचे रसायन त्याहून पुष्कळ स्थिर असते; तरीही अतिदाबाने चार्ज झाल्यास तेही तापते. म्हणून अशा बॅटरीबरोबर अल्टरनेटरचा व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच तो तोडणारी यंत्रणा आणि बॅटरीतून निघू शकणारा वायू विमानाबाहेर सोडणारी नळी, या दोन गोष्टींत काटकसर करू नये.

व्होल्टमीटर काय सांगतो, काय सांगत नाही

अल्टरनेटर चालू असताना १२ व्होल्टच्या यंत्रणेत साधारण १४ ते १४.५ व्होल्ट दिसतात. विश्रांत अवस्थेतील, पूर्ण भरलेली शिशाची बंदिस्त बॅटरी सुमारे १२.८ व्होल्ट दाखविते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. त्यामुळे उड्डाणात आकडा १३ च्या खाली आल्यास पेटणारा इशारादिवा अल्टरनेटर बंद पडल्याची वेळेवर सूचना देतो.

लिथियम लोह फॉस्फेट बॅटरी मात्र विश्रांत अवस्थेतच १३.३ व्होल्टच्या आसपास असते आणि रिकामी होत असताना बराच काळ जवळपास तोच आकडा दाखवीत राहते. शिशासाठी जुळविलेला दिवा तसाच ठेवला तर तो पेटेपर्यंत बरीच वीज खर्च झालेली असते. बॅटरी बदलणाऱ्याने इशाऱ्याची मर्यादाही वर सरकविली पाहिजे, ती यासाठी.

मुख्य म्हणजे व्होल्टमीटर बॅटरी किती भरली आहे याचा अंदाज देतो. तिच्या पोटात किती मावते हे सांगत नाही. जुन्या हंड्यात तळाशी गाळ साचावा, तशी बॅटरीची क्षमता वर्षागणिक घटते. हंडा काठोकाठ भरलेला दिसतो. पाणी मात्र कमी असते. दुकानात क्षणभर मोठा भार टाकून केली जाणारी चाचणीही स्टार्टरची ताकदच मोजते.

खरी कसोटी मिनिटांची

यावर उपाय सोपा आहे. अल्टरनेटर बंद पडल्यानंतर सुरक्षित उतरेपर्यंत कोणती उपकरणे चालू राहिलीच पाहिजेत, याची यादी करावी : प्रज्वलन, इंधनपंप, एक पडदा, एक रेडिओ. प्रत्येकाला लागणारी वीज मोजून बेरीज करावी. नंतर किती वेळ हवा हे ठरवावे. अमेरिकी नियमांनुसार नजरेच्या आधारे होणाऱ्या उड्डाणात दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचे राखीव इंधन न्यावे लागते. विजेचा साठा त्याहून कमी ठेवणे शहाणपणाचे नाही. हौशी विमानांच्या विद्युत रचनेवर ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ हा ग्रंथ लिहिणारे कॅन्ससचे अभियंता रॉबर्ट नकोल्स यांनी तर टाकीतले इंधन संपेपर्यंत वीज पुरावी, असे उद्दिष्ट बांधणाऱ्यांपुढे ठेवले.

समजा, अत्यावश्यक उपकरणांना ९ अँपिअर लागतात. मोटारीच्या पुढच्या दिव्यांचे ५५ वॅटचे दोन बल्ब एकत्र लावले की जवळपास तेवढाच भार होतो. शिशाची बॅटरी विमानातून काढून पूर्ण चार्ज करावी, बल्ब जोडावेत आणि व्होल्टेज १०.५ पर्यंत उतरण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे. नवी असताना ती ७० मिनिटे टिकली, पहिल्या वार्षिक तपासणीत ६० आणि दुसऱ्या वर्षी ४८ मिनिटे, आणि ठरविलेली गरज ४५ मिनिटांची आहे, तर पुढच्या वर्षापर्यंत ती गरजेखाली जाणार हे उघड आहे. स्टार्टर झोकात फिरत असला तरी ही बॅटरी बदलावी. चाचणी आटोपताच बॅटरी लगेच पुन्हा भरून ठेवणे मात्र विसरू नये. प्रमाणित विमानांतही उत्पादक साधारण ८० ते ८५ टक्के क्षमता ही किमान मर्यादा मानतात. चाचणीचा खटाटोप नको असणारे काही जण ठरावीक वर्षांनी नवी बॅटरी बसवून मोकळे होतात. खर्चिक असली तरी अंदाजाने चालण्यापेक्षा ही रीत बरी.

आयुष्य कशाने घटते

बॅटरीचा पहिला शत्रू उष्णता. शिशाच्या बॅटरीचे तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. इंजिनाच्या कप्प्यात बसविलेल्या बॅटरीपर्यंत थंड हवेची नळी नेणे यासाठी उपयोगाचे ठरते. दुसरा शत्रू रिकामे राहणे. हौशी विमाने आठवडेच्या आठवडे हँगरमध्ये उभी असतात. तेवढ्यात घड्याळासारखी उपकरणे थोडी थोडी वीज पीत राहतात. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि क्षमता कायमची घटते. थंड प्रदेशात आणखी एक संकट असते : पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्रव उणे १० अंशांच्या आसपासच गोठतो आणि कवच फुटते. व्होल्टेज आपोआप सांभाळणारा लहान चार्जर लावून ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय. मात्र तो बॅटरीच्या रसायनाला साजेसा हवा.

बॅटरी उतरलेली असताना बाहेरच्या विजेवर इंजिन चालू करून लगेच उड्डाण करणे ही घोडचूक होय. रिकामी बॅटरी भरण्यास बराच वेळ लागतो. तोवर अल्टरनेटर थांबला तर मागे काहीच शिल्लक नसते. त्या दिवशीचे उड्डाण रद्द करणे हेच योग्य.

बदलताना घ्यावयाची काळजी

प्रज्वलन आणि मुख्य स्विच बंद करून प्रथम ऋण टोकाची तार सोडवावी. जोडताना ती शेवटी जोडावी. हा क्रम चुकला आणि धन टोकावरचा पाना विमानाच्या धातूला टेकला, तर मोठी ठिणगी उडून हात भाजतो. बॅटरी काढल्यावर तिचा कप्पा, पट्टे आणि जाड तारांची टोके तपासावीत. आम्लाचे डाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावेत. धक्के आणि हिसके बसतानाही बॅटरी जागची हलता कामा नये, आणि धन टोकावर रबराची टोपी असावी.

यानंतरचे काम अनेकदा राहून जाते, ते म्हणजे समतोलाचा हिशेब. समजा ५०० किलोच्या विमानात गुरुत्वमध्याच्या एक मीटर पुढे असलेली सात किलोची बॅटरी काढून दोन किलोची बसविली. पाच किलो कमी झाल्याने गुरुत्वमध्य सुमारे एक सेंटीमीटर मागे सरकतो. आकडा लहान दिसतो. पण परवानगीची मर्यादाच काही सेंटीमीटरची असते आणि गुरुत्वमध्य मागे गेलेले विमान अस्थिर होते. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी विमानात इंजिन मागे असल्याने तोल साधण्यासाठी बॅटरी नाकात ठेवतात. तेथे ती हलकी केल्यास कधी कधी शिशाचा तुकडा बसवून वजन पुन्हा भरून काढावे लागते, म्हणजे बचत तेथेच संपते. नवे वजन, तारीख आणि चाचणीची मिनिटे नोंदवहीत लिहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

लहान बॅटऱ्यांचा विसर नको

मुख्य बॅटरीखेरीज पडद्यांना स्वतःच्या लहान राखीव बॅटऱ्या असतात. त्यांचीही वर्षातून एकदा घड्याळ लावून परीक्षा घ्यावी. अपघातानंतर ठावठिकाणा कळविणाऱ्या संकटसंदेश यंत्राची बॅटरी निराळी असते. अमेरिकी नियमानुसार हे यंत्र एकूण एक तासाहून अधिक वापरले गेले, किंवा बॅटरीचे निम्मे उपयुक्त आयुष्य संपले, की ती बदलावीच लागते; बदलण्याची तारीख यंत्राच्या बाहेरच्या बाजूस लिहिलेली असावी लागते.

या यंत्राला निदान तारखेचा तरी धाक आहे. मुख्य बॅटरीवर अशी तारीख नसते. तिची मिनिटे जमिनीवर मोजून ठेवली असतील, तर इशारादिवा पेटल्यावर वैमानिकाला आपल्या हाती किती वेळ आहे हे ठाऊक असते. नसतील, तर तो हिशेब हवेतच होतो.